इंधन सांडतं कुठे? आउटबोर्ड मोटरीची शंभर वर्षं

जुन्या धाटणीच्या टू-स्ट्रोक आउटबोर्ड मोटरीच्या टाकीत चार लिटर पेट्रोल ओतलं, की त्यातलं जवळजवळ एक लिटर न जळताच बाहेर पडतं. कुठे गळती नसते, पाइप फुटलेला नसतो, यंत्रात बिघाडही नसतो. नव्याकोऱ्या, नीट सांभाळलेल्या मोटरीतही हेच होतं. ते पेट्रोल त्यात मिसळलेल्या ऑइलसकट धुराबरोबर पाण्यात जातं, आणि होडीमागे सप्तरंगी तवंग पसरत राहतो. विसाव्या शतकात जगभरातल्या बहुतेक आउटबोर्ड मोटरी अशाच चालल्या. या यंत्रातल्या सुधारणांची गोष्ट सहसा अश्वशक्तीच्या आकड्यांनी सांगितली जाते. मला मात्र दुसराच हिशेब महत्त्वाचा वाटतो. इंधनातली ताकद होडी पुढे ढकलायला किती उरते आणि वाटेत कुठे कुठे सांडते, हे पाहिलं की कोणती सुधारणा खरी आणि कोणती नुसती जाहिरातीपुरती, ते उलगडत जातं.

ट्रॉलरमध्ये इंजिन नौकेच्या पोटात बसवलेलं असतं. त्याचा दांडा बुडातून बाहेर येतो, टोकाला पंखा असतो आणि त्यामागे सुकाणू. आउटबोर्डमध्ये हा सगळा संसार एका खांबावर उभा असतो. वर इंजिन, मधून खाली उतरणारा उभा दांडा, तळाशी गिअर आणि पंखा. मागच्या फळीला क्लॅम्पने आवळलं की काम झालं. मोटर वळवली की होडी वळते, म्हणून वेगळं सुकाणू लागत नाही. उथळ पाण्यात किंवा वाळूवर होडी ओढताना पाण्यातला हा अख्खा खांब, म्हणजे मोटरीचा पाय, वर उचलता येतो. बंदर नसलेल्या, सरळ पुळणीवर होड्या लागणाऱ्या गावांत हे यंत्र इतकं रुजलं, ते या सोयीमुळे.

फ्रान्समधल्या ग्युस्ताव्ह त्रुव्हे यांनी १८८१ मध्ये पॅरिसला सेन नदीत होडीला विजेची सुटी मोटर लावून दाखवली होती. म्हणजे आज नवलाईची वाटणारी इलेक्ट्रिक आउटबोर्ड पेट्रोलच्या आउटबोर्डपेक्षा वयाने मोठी आहे. पण धंदा उभा राहिला तो अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यात. नॉर्वेहून आलेल्या ओले एव्हिनरूड यांनी १९०९ मध्ये दीड अश्वशक्तीची मोटर विकायला काढली. तिचं वजन होतं २८ किलो. पत्नी बेस यांनी व्यवसायाची बाजू सांभाळली, वल्ही फेकून द्या असं सांगणारी जाहिरातही त्यांनीच लिहिली. पुढे कंपनी विकून काही वर्षांनी ओले परतले ते ॲल्युमिनियमची मोटर घेऊन. तिचं वजन सुमारे २२ किलो आणि ताकद तीन अश्वशक्ती. पहिल्या मोटरीत एका अश्वशक्तीमागे जवळजवळ १९ किलो धातू वाहावा लागत होता, तो सातवर आला. आजच्या १५० अश्वशक्तीच्या चांगल्या फोर-स्ट्रोक मोटरीचं वजन दोनशे किलोंच्या आसपास असतं, म्हणजे अश्वशक्तीमागे दीड किलोहूनही कमी. मर्क्युरी कंपनीने २०२१ मध्ये आणलेल्या ६०० अश्वशक्तीच्या बारा सिलिंडरी मोटरीत तर हे प्रमाण एक किलोच्या खाली गेलं. वजनाची लढाई अशी जवळपास जिंकली गेली. न जळलेल्या पेट्रोलचा प्रश्न मात्र ऐंशीहून अधिक वर्षं तसाच पडून होता.

तो नेमका कुठून येतो, ते सिलिंडरच्या आत डोकावून पाहू. या टू-स्ट्रोक इंजिनांच्या सिलिंडरला व्हॉल्व्ह नसतात. सिलिंडरच्या भिंतीतच खिडक्या असतात आणि पिस्टन खाली-वर होताना त्या उघडतो-मिटतो. स्फोटानंतर पिस्टन खाली सरकतो, तेव्हा आधी धूर जाण्याची खिडकी उघडते आणि लगेच ताजं मिश्रण येण्याची. जळका वायू बाहेर ढकलण्याचं काम हे ताजं मिश्रणच करतं. म्हणजे काही क्षण येण्याचा आणि जाण्याचा असे दोन्ही दरवाजे एकदम उघडे असतात. मिनिटाला साडेपाच हजार फेरे घेणाऱ्या इंजिनात एक फेरा जेमतेम ११ मिलिसेकंदांत संपतो. त्याच्या एका तुकड्यात जुना वायू पूर्ण जावा आणि नव्याचा थेंबही निसटू नये, ही अपेक्षाच अवास्तव होती. जर्मनीत आडोल्फ श्न्यूर्ले यांनी १९२० च्या दशकात आत येणाऱ्या प्रवाहाला वळण देऊन तो सिलिंडरमध्ये फिरवून आणण्याची युक्ती काढली. निसटणं कमी झालं, थांबलं नाही. सुमारे पाव हिस्सा जातच राहिला.

तरीही लोक टू-स्ट्रोकलाच धरून राहिले, आणि त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट, त्यामुळे लहान आकारात मोठी ताकद. हलणारे भाग मोजके. भर समुद्रात प्लग काळा झाला तर काढायचा, पुसायचा, परत लावायचा. कार्ब्युरेटर वाळूवर बसून खोलता येतो. ज्याचा दिवसाचा पोटापाण्याचा हिशेब त्या मोटरीवर अवलंबून आहे, त्याला दुरुस्तीची सोय इंधनाच्या बचतीपेक्षा मोठी वाटली तर नवल नाही.

बदल घडवला तो तलावांनी. पिण्याचं पाणी पुरवणाऱ्या तलावांत पेट्रोलचे अंश सापडू लागले, तेव्हा सरकारांना हलावं लागलं. जर्मनी, स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रिया यांच्या सीमेवरच्या बोडेनझे तलावात १९९० च्या दशकात बोटींच्या इंजिनांसाठी धुराचे कडक नियम आले. अमेरिकेत टाहो तलावावर १ जून १९९९ पासून कार्ब्युरेटरच्या टू-स्ट्रोक मोटरींना बंदी झाली. त्याआधी १९९६ मध्येच अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने नियम केला होता. नव्या आउटबोर्ड मोटरींतून बाहेर पडणारे हायड्रोकार्बन २००६ पर्यंत टप्प्याटप्प्याने तीन-चतुर्थांशांनी कमी व्हायला हवे होते. न जळलेलं पेट्रोल म्हणजेच हायड्रोकार्बन, त्यामुळे हा नियम थेट त्या वाया जाणाऱ्या पाव हिश्श्यावरच बोट ठेवत होता. जे काम ग्राहकांच्या तक्रारींनी इतक्या वर्षांत झालं नाही, ते एका नियमाने दहा वर्षांत करून घेतलं.

कंपन्यांपुढे दोन वाटा होत्या. पहिली वाट टू-स्ट्रोक ठेवूनच तिचा दोष काढण्याची. आत येताना नुसती हवा येऊ द्यायची आणि जळका वायू त्या हवेनेच ढकलायचा. धुराची खिडकी बंद झाली, की मगच पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारायचं. हवा निसटली तर निसटू दे, पेट्रोल निसटणार नाही. कल्पना सुरेख, पण अंमलात आणणं महाकठीण. फवारणी, बारीक तुषार होणं, हवेत मिसळणं आणि ठिणगी पडणं, हे सगळं काही मिलिसेकंदांत उरकायचं. मर्क्युरीने ऑस्ट्रेलियातल्या ऑर्बिटल कंपनीचं तंत्र घेतलं, त्यात दाबाखालच्या हवेबरोबर पेट्रोल फवारलं जातं. एव्हिनरूड आणि जॉन्सन ही जुनी नावं तोवर आउटबोर्ड मरीन कॉर्पोरेशनकडे होती. त्यांनी जर्मनीतल्या फिश्ट कंपनीची पद्धत निवडली. सुरुवातीच्या मोटरींत बिघाड होऊ लागले, दुरुस्त्या आणि भरपाया अंगावर आल्या. इतर अडचणीही होत्याच. डिसेंबर २००० मध्ये कंपनीने दिवाळं जाहीर केलं आणि हजारो कामगार घरी बसले. नावं कॅनडाच्या बॉम्बार्डिअरने विकत घेतली, इंजेक्टर सुधारून २००३ मध्ये नवी मालिका आणली. ती इंजिनं चांगली होती. पण बाजार तोवर दुसऱ्या वाटेने निघून गेला होता, आणि मे २०२० मध्ये एव्हिनरूड मोटरींचं उत्पादन कायमचं थांबलं.

ती दुसरी वाट फोर-स्ट्रोकची. होंडा कंपनी १९६४ पासून ती धरून होती. पाण्यावर चालणाऱ्या यंत्राने पाणी घाण करू नये, असं सोइचिरो होंडा यांचं म्हणणं होतं. फोर-स्ट्रोकमध्ये आत येण्याचा आणि बाहेर जाण्याचा व्हॉल्व्ह वेगळा, धूर बाहेर टाकण्यासाठी पिस्टनची अख्खी फेरी वेगळी. त्यामुळे ताजं मिश्रण निसटायला वावच फार थोडा. ऑइल पेट्रोलमध्ये मिसळून जाळावं लागत नाही, ते वेगळ्या टाकीत फिरत राहतं. अडचण होती वजनाची, आणि आउटबोर्डचं इंजिन उभं असण्याची. मोटारीत क्रँकशाफ्ट आडवा असतो, इथे तो उभा. ऑइल सगळीकडे पोचून परत खाली यावं, मोटर तिरपी उचलली तरी सिलिंडरमध्ये शिरू नये, यासाठी सगळी मांडणी नव्याने करावी लागली. म्हणूनच लहान फोर-स्ट्रोक मोटर जमिनीवर आडवी ठेवताना पुस्तिकेत सांगितलेल्या कुशीवरच ठेवायची असते. चुकीच्या कुशीवर ठेवली तर ऑइल सिलिंडरमध्ये उतरतं आणि पुढच्या वेळी दोरी ओढली की मोटर सुरू व्हायला तयार होत नाही. बिघाड म्हणून दुकानात आणलेल्या कित्येक मोटरींचा दोष एवढाच असतो.

संगणक-नियंत्रित इंधन फवारणी आली, ओतकाम पातळ झालं, तसं वजनही उतरलं. सुझुकीने २०१७ मध्ये आणलेल्या ३५० अश्वशक्तीच्या मोटरीत पेट्रोल-हवेचं मिश्रण बारास एक या प्रमाणात दाबलं जातं. तिला एकामागे एक, उलट दिशांना फिरणारे दोन पंखे आहेत. पहिला पंखा पाण्याला जो पीळ देतो, तो दुसरा काढून घेतो आणि त्यातूनही ढकलण्याची ताकद मिळवतो. व्होल्व्हो पेंटाने ही जोडी १९८२ मध्येच आपल्या बोटींच्या ड्राइव्हला लावली होती. सुझुकीची आणखी एक सुधारणा मला मनापासून आवडली. इंजिन थंड करून परत बाहेर पडणारं पाणी एका जाळीतून नेऊन त्यातले प्लॅस्टिकचे बारीक कण अडवायचे. पाणी तसंही आत-बाहेर करावंच लागतं, तर जाता जाता ते गाळून घ्यायचं.

हे थंड करण्याचं काम आउटबोर्डमध्ये खाऱ्या पाण्यावरच चालतं, आणि तिथेच मोटरी मरतात. पायाच्या खालच्या भागात एक रबरी इम्पेलर असतो. तळहातात मावेल एवढा, वाकड्या पाकळ्यांचा. तो समुद्राचं पाणी वर चढवतो. डोक्याच्या खाली एका बारीक भोकातून पाण्याची धार बाहेर पडत असते, ती पाणी चढत असल्याची खूण. धार बारीक झाली, तुटक पडू लागली किंवा बंद झाली, की मोटर लगेच थांबवायची. गाळाच्या खाडीत आणि वाळूच्या उथळ पाण्यात या पाकळ्या झिजतात. कोरड्यावर मोटर सुरू केली तर काही सेकंदांतच भाजून निघतात. आतल्या वाटांवर मिठाचे आणि चुन्याचे थर साचतात ते वेगळंच. दिवसाच्या शेवटी गोड्या पाण्याने मोटर दहा-पंधरा मिनिटं धुणं हा त्यावरचा उपाय सगळ्यांना ठाऊक असतो आणि बहुतेक जण तो टाळतात, कारण किनाऱ्यावर गोडं पाणी विकत घ्यावं लागतं. झिंकच्या वडीचंही तसंच. ॲल्युमिनियमचा पाय आणि स्टीलचा पंखा खाऱ्या पाण्यात एकत्र आले की विजेचा सूक्ष्म प्रवाह सुरू होतो आणि ॲल्युमिनियम खाल्लं जातं. त्याच्याऐवजी स्वतः झिजावी म्हणून ही वडी लावलेली असते. मोटर रंगवताना तिच्यावरही रंग फासला, तर ती असून नसल्यासारखी.

आता पाण्याखाली उतरू, कारण उरलेली मोठी सांड तिथेच आहे. चार्ल्स पार्सन्स यांनी १८९४ मध्ये इंग्लंडमध्ये वाफेच्या टर्बाइनवर चालणारी टर्बिनिया ही सुमारे ३२ मीटर लांबीची बोट बांधली. टर्बाइन जबरदस्त होतं, पण बोट २० नॉटही गाठेना. पंखा इतक्या वेगाने फिरत होता की पात्यांच्या पाठीवरचा दाब कोसळून पाणी थंड असतानाच उकळत होतं. वाफेच्या पोकळ्या तयार होत आणि पंखा पाण्याऐवजी त्या पोकळ्यांतच फिरे. याला कॅव्हिटेशन म्हणतात. या पोकळ्या फुटतात तेव्हा धातूलाही खड्डे पडतात. पार्सन्स यांनी हे डोळ्यांनी पाहायचं ठरवलं. १८९५ मध्ये त्यांनी बंद नळीचा एक छोटा जलमार्ग बनवला, त्यात जेमतेम दोन इंचांचा पंखा फिरवला, क्षणात लुकलुकणारा प्रकाश टाकून पाती जणू थांबलेली दिसतील अशी सोय केली आणि बुडबुडे कुठे धरतात ते पाहिलं. मग एका दांड्याऐवजी तीन दांडे आणि प्रत्येकावर तीन, असे नऊ पंखे लावले. जून १८९७ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवी नौदल संचलनात टर्बिनिया ३४ नॉटच्या वेगाने धावली आणि तिला अडवायला गेलेल्या नौका मागे पडल्या. या विजयात टर्बाइनइतकाच पंख्याचा वाटा होता.

होडीच्या पंख्याचा हिशेब तसा सोपा आहे. पंख्यावर दोन आकडे कोरलेले असतात, व्यास आणि पिच. पाणी घट्ट लाकडासारखं असतं तर एका फेऱ्यात पंखा जितका पुढे सरकला असता, तो पिच. समजा मोटर मिनिटाला ५,५०० फेरे घेते, गिअरमुळे पंखा त्याच्या निम्मे म्हणजे २,७५० घेतो, आणि पिच १५ इंच आहे. हिशेबाने होडी सुमारे ३४ नॉटने जायला हवी. प्रत्यक्षात २९ ने गेली तर सुमारे साडेचौदा टक्के घसर झाली. हलक्या, वेगवान बोटीत एवढी घसर चालते. जाळी, बर्फ आणि मासळीने भरलेल्या संथ होडीत ती चाळीस टक्क्यांवरही जाते.

नेमकी इथेच मोठी चूक होते. मोटर येते ती बहुतेकदा हलक्या बोटीसाठी योग्य अशा पंख्यासह. तीच भरल्या होडीला लावली, की पिच जास्त पडतो. थ्रॉटल पूर्ण उघडूनही मोटर ५,५०० ऐवजी ४,२०० फेऱ्यांवर अडते. ती उंच गिअरमध्ये घाट चढणाऱ्या ट्रकसारखी कण्हत राहते, गरम होते, आत कार्बन धरते आणि तेल पिते. मालकाला वाटतं मोटरीत दम नाही, तो आणखी मोठी मोटर घेतो. खरं तर पिच एक इंच कमी केला की मोटरीचे फेरे साधारण दीडशे ते दोनशेंनी वाढतात. जड होडीसाठी व्यास मोठा, पिच कमी आणि पंखा संथ फिरवणारा गिअर ही जुळवणी उत्तम. थोडं पाणी जोरात फेकण्यापेक्षा भरपूर पाणी हळू ढकलण्यात ताकद कमी वाया जाते, हे भौतिकशास्त्राने एकोणिसाव्या शतकातच सांगून ठेवलंय. ट्रॉलरच्या पंख्याभोवती जी जाड कडी बसवतात, ती जाळं ओढताना याच कारणाने उपयोगी पडते.

मोटर किती खोल लावायची, हेही तसंच दुर्लक्षित. पंख्याच्या वर जो आडवा पत्रा असतो तो साधारण होडीच्या बुडाच्या पातळीत हवा. मोटर वर लागली तर पंखा पृष्ठभागावरची हवा ओढतो, फेरे एकदम वाढतात आणि होडी जागीच राहते. खूप खाली लागली तर पायच पाण्याला अडवत राहतो.

भारतात आउटबोर्ड मोटरी मोठ्या प्रमाणात पसरल्या त्या १९८० च्या दशकात, मुख्यतः केरळ आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यावर. तिथे रॉकेलवर चालणाऱ्या मोटरी रुळल्या. पेट्रोलवर सुरू करायच्या, तापल्या की रॉकेलवर घ्यायच्या आणि बंद करण्याआधी पुन्हा थोडा वेळ पेट्रोलवर चालवायच्या. रॉकेल जास्त दाबलं तर अवेळी पेटतं, म्हणून या मोटरींत मिश्रण कमी दाबावं लागतं, आणि कमी दाब म्हणजे इंधनातून कमी काम. रॉकेल स्वस्त होतं तोवर हे खपून गेलं. आपल्याकडे कोकणात ट्रॉलर आणि पर्ससीन नौका डिझेल इनबोर्डवर चालतात. आउटबोर्ड दिसते ती लहान फायबरच्या होड्यांवर आणि मालवण-तारकर्लीच्या पर्यटक बोटींवर. बांध्यापासून सुधारणा केली तर काय होतं, ते कोचीच्या केंद्रीय मत्स्य प्रौद्योगिकी संस्थेने २०१६ मध्ये सागर हरिता ही नौका बांधून दाखवलं. वजन हलकं, सांगाडा सागरी दर्जाच्या पोलादाचा, डेक आणि केबिन फायबरची, आणि म्हणून इंजिनही लहान.

विजेच्या मोटरीत न जळलेलं इंधन हा प्रश्नच उरत नाही. ठरलेल्या वाटेवर, ठरलेल्या वेळी, कमी अंतरात फिरणाऱ्या बोटींना ती आजच परवडते. केरळात वैकमची आदित्य ही ७५ प्रवाशांची सौर फेरीबोट जानेवारी २०१७ पासून हेच दाखवतेय. पण किलोभर पेट्रोलमध्ये किलोभर बॅटरीच्या कित्येक पट ऊर्जा असते. पहाटे निघून खोल पाण्यात जाणाऱ्या आणि परतीची वेळ नक्की नसणाऱ्या मच्छीमाराला विजेची मोटर आज घ्या, असं सांगणं मला प्रामाणिक वाटत नाही. पर्यटक बोटींनी मात्र वाट पाहायचं काहीच कारण नाही.

मासेमारीसाठी आज नवी मोटर घ्यायची असेल तर फोर-स्ट्रोकच घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे, फक्त तिची दुरुस्ती करणारा माणूस आणि सुटे भाग जवळच्या बंदरात मिळत असतील तर. ते नसतील तर विक्रेत्याला आधी तेच विचारा. आणि मोटर जुनी असो की नवी, प्लगच्या वायरीला गुंडाळायचा, फेरे मोजणारा छोटा टॅकोमीटर घ्या. होडी नेहमीच्या भाराने भरा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेत फेरे येतात का ते पाहा. येत नसतील तर मोटर बदलण्याआधी पंखा बदला.